पडद्यावरची चित्रे आणि कारकुनाची बोटे

बँकांच्या संगणकीकरणाला कर्मचारी संघटनांनी एके काळी जो विरोध केला, त्याचा उल्लेख आज निघाला की बोलणाऱ्याच्या ओठावर हसू उमटते. यंत्र येणारच होते, हे वेडे उगाच आडवे पडले, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला, त्यात यंत्रांना सरसकट नकार नव्हता. खातेवहीत नोंदी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे कोठे आणि किती बसवावीत, त्यावर काम करणाऱ्याला कोणता भत्ता मिळावा, यावर घासाघीस होऊन वाट काढण्यात आली होती. पुढे रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल आला आणि १९९३ साली नवा करार होऊन वाट आणखी रुंद झाली. तेव्हा संघटनांवर ठेवायचाच असेल तर आक्षेप निराळा ठेवला पाहिजे. यंत्रे किती, हा प्रश्न त्यांनी दहा वर्षे लढवला. यंत्र कसे असावे, हा प्रश्न मात्र त्यांच्या मागणीपत्रात कधी शिरला नाही. तो व्यवस्थापनाचा आणि तंत्रज्ञांचा प्रांत, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले गेले.

या गृहीताची किंमत आज घाटकोपरच्या, मुलुंडच्या, बोरिवलीच्या कोणत्याही राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरमागे बसलेला कर्मचारी मोजतो आहे. ती मोजदाद वेतनचिठ्ठीत दिसत नाही म्हणून तिच्याविषयी कोणी बोलत नाही, इतकेच.

प्रश्न पडद्याचा आहे. संगणकाचा पडदा मुख्यतः दोन जातींचा. पहिला अक्षरांचा: काळ्या किंवा निळ्या भूमीवर ओळीने शब्द आणि आकडे, हालचाल फक्त कळफलकावरून, आणि कोणते काम हवे ते दोन-चार अक्षरांच्या सांकेतिक नावाने सांगायचे. दुसरा चित्रांचा: खिडक्या, बटने, उघडझाप करणाऱ्या याद्या आणि त्यांवर फिरणारा माउसचा बाण. हा दुसरा पडदा कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली आकाराला आला, १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने तो दुकानात आणला आणि १९९० नंतर मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने तो जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचवला. त्याचा मूळ हेतू स्तुत्य होता. ज्याला संगणकाची भाषा येत नाही त्याला, काही पाठ न करता, समोर दिसेल त्यावर बोट ठेवून काम करता यावे. परंतु जो माणूस तेच काम दिवसातून दोनशे वेळा, वर्षानुवर्षे करतो, त्याचीही सोय याच पडद्याने होते काय? हा प्रश्न कोणी विचारला नाही. नवे ते चांगले आणि रंगीत ते नवे, एवढ्यावर भागले.

बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, बँक ऑफ बडोदा, पंजाब नॅशनल बँक अशा अनेक बँकांचे सगळे व्यवहार इन्फोसिसच्या 'फिनॅकल' या प्रणालीवर चालतात. तिची जी आवृत्ती आधी शाखाशाखांतून रूढ होती, ती अक्षरांच्या पडद्याची होती. खात्याचा उतारा पाहायचा तर 'ए-सी-एल-आय' ही चार अक्षरे, व्यवहाराची नोंद करायची तर 'टी-एम' ही दोन. मग खाते क्रमांक, रक्कम, आणि शेवटी वरच्या रांगेतली एक कळ. चार-सहा महिन्यांत ही अक्षरे कर्मचाऱ्याच्या डोक्यातून बोटांत उतरत. ग्राहकाकडे पाहत, त्याच्याशी बोलत, नोटा मोजून बाजूला ठेवत त्याची बोटे आपली वाट चालत राहत. त्यानंतर दहावी आवृत्ती आली. ती इंटरनेटच्या न्याहाळकात उघडणारी, खिडक्यांची आणि बटनांची. गंमत अशी की जुनी सांकेतिक नावे या नव्या पडद्यालाही टाकता आली नाहीत. प्रत्येक नावाच्या आरंभी एक 'एच' लागला. 'टी-एम'चे 'एच-टी-एम' झाले, 'ए-सी-एल-आय'चे 'एच-ए-सी-एल-आय' झाले. आणि ती टाइप करण्यासाठी पडद्यावर एक चौकट ठेवावी लागली. चित्रांनी सर्व काही सोपे झाले असते, तर ही चौकट कशाला लागली असती? कामगाराने जुन्या वाटेचा त्याग करायला दिलेला तो मूक नकार आहे, आणि तंत्रज्ञांना त्याच्यापुढे झुकावे लागले आहे. मात्र चौकटीतून आत शिरल्यावर पुढचा मार्ग पुष्कळदा माउसचाच. पान उघडेपर्यंत थांबा, बाण नेमक्या खुणेवर न्या, टिचकी द्या, पुन्हा कळफलकावर या.

ही कुरकुर आळशी कारकुनाची आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे गणित मांडतो. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या तीन अमेरिकन संशोधकांनी १९८० साली अशा कामाच्या वेळेचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. यांपैकी पहिले दोघे झेरॉक्सच्या त्याच संशोधनकेंद्रातले, म्हणजे चित्रांच्या पडद्याच्या माहेरचे. त्यांच्या मोजणीप्रमाणे सराईत हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. हात कळफलकावरून माउसकडे न्यायला ०.४ सेकंद, बाण खुणेवर नेण्यास सुमारे १.१ सेकंद, आणि हात परत आणायला पुन्हा ०.४. म्हणजे माउसची एक फेरी टिचकीसह दोन सेकंदांहून थोडी अधिक. एका व्यवहारात अशा चारच फेऱ्या आणि दिवसाला दोनशे व्यवहार धरा. सोळाशे सेकंद झाले. सत्तावीस मिनिटांना थोडे कमी. हे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, कोणत्या शाखेत किती फेऱ्या पडतात ते त्या शाखेतल्यांनीच मोजावे. पण अर्ध्या तासाच्या आसपासचा हा काळ कोठून येतो? जेवणाच्या सुट्टीतून, संध्याकाळी हिशेब जुळवून कुर्ल्याची किंवा विरारची गाडी पकडण्याच्या घाईतून, आणि रांगेत उभ्या असलेल्या निवृत्तिवेतनधारकांच्या पायांतून. मनगटाचे आणि खांद्याचे दुखणे निराळेच.

आता दुसरी बाजू. चित्रांच्या पडद्याचे समर्थक म्हणतात की नवीन भरती झालेल्याला, बदली होऊन आलेल्याला हा पडदा लवकर उमजतो. खरे आहे. पण ही सोय पहिल्या महिन्याची आहे आणि नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असते. शिवाय जेथे प्रशिक्षणावरचा खर्च वाचवायचा असतो, जेथे कायम कर्मचाऱ्याच्या जागी कंत्राटी मुलगा सहा महिन्यांसाठी बसवायचा असतो, तेथे 'शिकायला सोपा' या गुणाला व्यवस्थापनाच्या लेखी फार मोल येते. कसब माणसाच्या बोटांत राहिले तर माणूस महाग पडतो. ते पडद्यावर छापले की माणूस बदलता येतो. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली आपल्या ग्रंथात कारखान्यातील आणि कचेरीतील कामाविषयी जे विवेचन केले, त्याचा हा अगदी घरगुती दाखला होय.

समर्थकांचा दुसरा मुद्दा मात्र अधिक वजनाचा आहे आणि आपल्या चळवळीने तो झटकून टाकू नये. अक्षरांचा पडदा मुळात इंग्रजी अक्षरांचा होता. देवनागरीची जोडाक्षरे, वरच्या-खालच्या मात्रा आणि उकार त्याच्या ठरावीक चौकोनांत मावत नसत. त्यासाठी 'जिस्ट'सारखे खास कार्ड यंत्रात बसवावे लागे. मराठी पडद्यावर सहज दिसू आणि लिहिता येऊ लागली ती पडदा चित्रे रेखाटू लागला तेव्हा. ज्या कामगाराची भाषा मराठी आहे त्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे. हा लाभ कचेरीच्या आतल्या पडद्यापर्यंत किती पोहोचला, हे मात्र विचारले पाहिजे. खिडक्या आल्या, बटने आली, रंग आले. त्या बटनांवरचे शब्द बहुतेक ठिकाणी इंग्रजीच राहिले. सोय करण्याचे सामर्थ्य आले आणि सोय झाली नाही. याच्या उलट एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बँकांत दृष्टिहीन कर्मचारी काम करतात. पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली त्यांना अक्षरांचा पडदा ओळीने वाचून दाखवू शकते. पण चित्राच्या बटनाला नाव देण्याची तसदी निर्मात्याने घेतली नसेल, तर ती नुसते 'बटन, बटन' म्हणत राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समान संधीची जी ग्वाही दिली, ती अशा वेळी एका टिचकीवर अडते.

रेल्वेचे उदाहरण शिकण्यासारखे आहे, कारण तेथे दोन्ही पडदे एकाच स्थानकात शेजारी-शेजारी पाहायला मिळाले. आरक्षणाचे संगणकीकरण १९८५ साली नवी दिल्लीत सुरू झाले. ते सी.एम.सी. या तेव्हाच्या सरकारी कंपनीने केले. १९९४ पासून रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेची 'कॉन्सर्ट' प्रणाली आली आणि १९९९ मध्ये मुंबईसह देशातली पाचही आरक्षणकेंद्रे एका जाळ्यात जोडली गेली. बाहेरच्या कोणत्याही कंपनीला टक्केवारी न देता सार्वजनिक क्षेत्राने उभे केलेले हे काम आहे, हे खासगीकरणाच्या भाटांना वारंवार सांगितले पाहिजे. त्यानंतरही वर्षानुवर्षे या खिडकीमागचा पडदा अक्षरांचाच राहिला. गणपतीला कोकणात जाणारा बोरिवलीचा किंवा मुलुंडचा माणूस पहाटेपासून रांगेत उभा राहून खिडकीशी पोहोचतो, तेव्हा आतला कारकून त्याच्या अर्जावरून नजर न हलवता 'बी-व्ही-आय', 'के-के-डब्ल्यू', गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग असे बोटांनी बडवत जातो. जागा मिळणे-न मिळणे काही क्षणांवर अवलंबून असलेल्या त्या सकाळी बटने शोधत बसणारा पडदा कोणाला हवा असेल?

त्याच स्थानकांत या शतकाच्या पहिल्या दशकात स्वयंचलित तिकीटयंत्रे आली, बोटाने स्पर्श करायच्या चित्रमय पडद्याची. उपनगरी प्रवाशाने स्वतःच तिकीट काढावे, खिडकीवरची गर्दी हटावी, ही कल्पना. प्रवासी रोजचा असला तरी यंत्राशी त्याची गाठ अधूनमधून. तेव्हा त्याच्यासाठी चित्रांचा पडदा योग्यच होता. पण पुढे काय झाले? अंधेरी, घाटकोपर अशा स्थानकांत त्या यंत्राशेजारी रेल्वेने कमिशनवर माणूस उभा केला, प्रथम बहुशः रेल्वेतूनच निवृत्त झालेला. प्रवासी तोंडाने स्थानकाचे नाव सांगतो आणि तो माणूस पडद्याकडे धड न पाहता ठरावीक जागी ठरावीक बोटे आपटून तिकीट काढून देतो. न शिकलेल्यासाठी केलेल्या यंत्रालाही शेवटी शिकलेला माणूस लागला! फरक एवढाच की खिडकीमागे बसणाऱ्याला वेतनश्रेणी होती, भविष्यनिर्वाह निधी होता, रजा होती. यंत्राशेजारी उभ्या असलेल्याला तिकिटामागे काही पैसे.

या विषयावरचा सर्वांत बोलका पुरावा मात्र अमेरिकेतला आहे. न्यूयॉर्क परिसरातील नायनेक्स या टेलिफोन कंपनीने १९९० च्या सुमारास आपल्या ऑपरेटरांसाठी नवी यंत्रे घेण्याचे मनात आणले. जुना पडदा अक्षरांचा आणि मंद. नवा अधिक वेगवान, सुबक, चिन्हांचा. एका कॉलमागे सरासरी एक सेकंद वाचला तर वर्षाला तीस लक्ष डॉलर वाचतात, असा कंपनीचा हिशेब होता. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड या संशोधकांनी ऑपरेटरच्या कामाची क्षणाक्षणाची मांडणी करून भाकीत केले की नव्या यंत्रावर काम हळू होईल. प्रत्यक्ष चाचणीत तेच ठरले. प्रत्येक कॉल अर्ध्या सेकंदाहून अधिक लांबला. कंपनीला वर्षाकाठी सुमारे वीस लक्ष डॉलरचा खड्डा पडला असता. कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नव्या यंत्राने काही कळा वाचवल्या खऱ्या, पण त्या अशा वेळच्या की जेव्हा ऑपरेटर ग्राहकाचे बोलणे ऐकत असतानाच त्या दाबून टाकीत असे. आणि काही कळा त्याने संभाषणाच्या शेवटी आणून ठेवल्या, जेथे सगळे त्या कळांसाठी ताटकळतात. ऐकता-ऐकता काम उरकण्याचे जे कसब त्या स्त्री-पुरुषांनी स्वतः कमावले होते, ते यंत्राच्या नकाशात कोठेच नव्हते. कंपनीने यंत्रे घेतली नाहीत.

येथे दोन धडे आहेत आणि वर्तमानपत्रांतील तंत्रज्ञानाच्या स्तंभांत त्यांपैकी पहिलाच सांगितला जातो: खरेदीपूर्वी चाचणी घ्या. दुसरा असा की सारी मोजणी झाली ती कंपनीच्या डॉलरांत. यंत्र हळू निघाले म्हणून ऑपरेटर वाचले. तेच यंत्र अर्ध्या सेकंदाने जलद निघते, तर तो अर्धा सेकंद कोणाच्या पदरात पडला असता? 'उत्पादकता' हा शब्द आपल्याकडे अशा थाटात वापरला जातो की जणू तो वजनकाट्यासारखा निःपक्षपाती आहे. आपल्या बँकांतही गेल्या काही दशकांत एकूण कर्मचाऱ्यांत लिपिकांचे प्रमाण घटत गेले आणि उरलेल्यांच्या माथी विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याचे काम आले. पडदा जलद झाला तर मंजूर जागा कमी होतात आणि मंद झाला तर कारकून उशिरापर्यंत बसतो. दोन्ही वेळा हिशेब एकाच बाजूने लिहिला जातो. म्हणून अक्षरांचा पडदा परत आणा, अशी घोषणा देऊन आपले काम भागणार नाही.

अंधेरीचेच पाहा. १९७३ साली तेथे सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीपासून टाटा-बरोज सारख्या कंपन्यांतून देशोदेशींच्या कचेऱ्यांसाठी आज्ञावली लिहिणे तेथे सुरू झाले. जगातल्या किती बँकांच्या, विमाकंपन्यांच्या कारकुनांपुढे अंधेरीत लिहिलेले पडदे उघडतात! आणि तो पडदा लिहिणारा आपला अभियंता स्वतः कशावर काम करतो? पुष्कळदा काळ्या भूमीवरच्या अक्षरांवर, टाइप केलेल्या आज्ञांवर. त्याला कोणी 'जुनाट' म्हणत नाही, कारण आपले हत्यार कोणते असावे हे तो स्वतः ठरवतो. हाच हक्क बँकेच्या कारकुनाला दिला की तो मात्र प्रगतीचा शत्रू ठरतो. दोघांच्या मध्ये एक रस्ता आहे, पण त्या दोघांची कधी एका टेबलापाशी गाठ घालून दिली जात नाही.

ती घालता येते, हे नॉर्डिक देशांतील कामगार चळवळीने दाखवले आहे. नॉर्वेतील लोह-धातू कामगारांच्या संघटनेने १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी क्रिस्टन नायगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला आपल्या बाजूने कामाला लावले. हा नायगार्ड म्हणजे 'सिम्युला' या संगणकभाषेचा एक जनक. तिच्यातील कल्पनांचा उपयोग पुढे झेरॉक्सच्या त्या चित्रमय पडद्यालाही झाला. संघटनेच्या सभासदांनी त्याच्या साहाय्याने आपापल्या कारखान्यातील संगणकप्रणाली तपासल्या आणि मागण्या तयार केल्या. त्यानंतर १९८१ ते १९८५ या काळात मुद्रण कामगारांच्या नॉर्डिक संघटनेबरोबर स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 'यूटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वृत्तपत्राची पाने लावणाऱ्या कामगारांनी, यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वीच, लाकडा-कागदाचे खोटे पडदे पुढ्यात घेऊन आपले काम करून पाहिले आणि काय हवे ते सांगितले. त्यांनी पसंत केलेला पडदा चित्रांचा होता! पान लावणे हे डोळ्यांचे काम, तेथे चित्रच हवे. त्याच दशकात आणि त्यानंतर आपल्याकडे खिळे जुळवणारे कंपॉझिटर एकेका छापखान्यातून नाहीसे झाले. त्यांपैकी कोणाला असा खोटा पडदा दाखवून मत विचारल्याचे ऐकिवात नाही.

कायदा या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. पण यंत्रसामग्रीतील किंवा कार्यपद्धतीतील सुधारणा तिच्या कक्षेत येई ती फक्त त्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव असेल तर. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कलम ४० मध्ये हीच मर्यादा कायम ठेवली. एका रात्रीत साऱ्या शाखांचा पडदा बदलला, प्रत्येकाचे दहा वर्षांचे कसब निरुपयोगी झाले, तरी कोणाची नोकरी गेली नाही ना, मग नोटीस कसली?

उरतो तो करार. बँक कर्मचाऱ्यांचा बारावा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ रोजी झाला. त्याची पाच वर्षांची मुदत १ नोव्हेंबर २०२२ पासून धरली असल्यामुळे ऑक्टोबर २०२७ मध्ये ती संपते आणि पुढचे मागणीपत्र त्याआधी तयार व्हावे लागते. त्यात पडद्याविषयी कलम असावे. नवी आवृत्ती लावण्यापूर्वी निवडक शाखांत, काउंटरवर बसणाऱ्यांच्या हातून, गर्दीच्या दिवशी तिची चाचणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष संघटनेला मिळावेत. माउसने होणारे प्रत्येक काम नुसत्या कळफलकावरूनही करता यावे. बटनांवर मराठी असावी, आणि दृष्टिहीन सहकाऱ्याने संमती दिल्याखेरीज पडदा पुरा झाला असे मानू नये. वाचलेल्या वेळाचा वाटा कोणाला, याचीही बोलणी व्हावीत. ती सर्वांत कठीण जातील.

मागणीपत्राला आधार लागतो तो आकड्यांचा आणि ते आकडे मुख्य कचेरीतून मिळणार नाहीत. मुलुंड ते घाटकोपर आणि बोरिवली ते अंधेरी या पट्ट्यांतील शाखांमधल्या साथींनी एक साधी वही घालावी. पैसे भरणे, काढणे, पासबुक, मुदतठेव, निवृत्तिवेतनाचा दाखला, अशी पाच-सहा नित्याची कामे निवडावीत. प्रत्येकाला किती कळा, माउसच्या किती फेऱ्या, पान उघडण्यासाठी किती थांबणे, हे महिन्याच्या १ ते ७ तारखेपर्यंत, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या गर्दीत, नोंदवावे. ज्यांनी जुन्या पडद्यावर काम केले आहे ते अद्याप नोकरीत आहेत. त्यांना आठवते ते त्याच वहीच्या समोरच्या पानावर उतरवून घ्यावे, कारण त्यांतील पुष्कळजण येत्या काही वर्षांत निवृत्त होतील.